द कॅट कॉन्चर्टो (१९४७): टॉम ड्युटीवर असतो तेव्हा

टॉम अँड जेरीतलं सगळ्यात भारी कोणतं असं विचारलं की लोक डोकं खाजवत बसतात, मला विचारच करावा लागत नाही, पियानोवालं. नाव 'द कॅट कॉन्चर्टो', साल १९४७, लांबी जेमतेम सात-आठ मिनिटं, एक बोका, एक उंदीर आणि एक भलामोठा पियानो, बाकी गोष्टीत चिटपाखरू नाही. तुम्ही ते बघितलंय. नाव माहीत नसेल पण बघितलंय नक्की, टॉम काळा कोट घालून एकदम रुबाबात स्टेजवर येतो आणि जेरी पियानोच्या पोटात गाढ झोपलेला असतो, तेच ते. लहानपणी कार्टून नेटवर्कवर लागायचं तेव्हा मला हे थोडं बोअर वाटायचं खरं सांगायचं तर, कारण घरभर धावपळ नाही, कुत्रा नाही, डायनामाइट नाही, नुसतं पियानो पियानो. आता मोठेपणी परत परत बघतो आणि दर वेळी वाटतं की या सात मिनिटांत जेवढं काम केलंय तेवढं अडीच तासांच्या पिक्चरमध्ये पण नसतं राव.

तर आधी थोडी कुंडली. आपण याला सवयीने एपिसोड म्हणतो पण ही कार्टून्स टीव्हीसाठी केलेलीच नव्हती, थेटरात मेन पिक्चरच्या आधी दाखवायला केलेली होती, मोठ्या पडद्यावर, टेक्निकलरच्या रंगांत, हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीच्या पैशाने. म्हणूनच त्यात एवढा जीव ओतलाय. मुंबईत धोबीतलावचं मेट्रो हे एमजीएमनेच १९३८ साली उघडलेलं थेटर, आमचा मामा सांगतो की पिक्चर कोणताही असो, आधी टॉम-जेरी लागलं की अख्खं बाल्कनी-स्टॉल एकदम जागं व्हायचं. असो. डायरेक्टर विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा, ही जोडी १९४० पासून १९५८ पर्यंत टॉम-जेरीच करत होती, ११४ शॉर्ट, म्हणजे असली छोटी कार्टून, केले दोघांनी मिळून, आणि त्यातल्या सातांना ऑस्कर मिळालं. कामाची वाटणी साधारण अशी की बार्बेरा चित्रं आणि गंमती काढणार आणि हॅना टायमिंग बघणार, कोणत्या फ्रेमला काय आपटायचं ते. (टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी पण हॅनाचीच.) म्युझिक स्कॉट ब्रॅडली, ज्याच्याबद्दल पुढे बोलूच. आणि प्रोड्युसर फ्रेड क्विंबी, ज्याचं नाव आपल्याला पाठ आहे कारण सुरुवातीला पाटीवर मोठ्ठं येतं, ऑस्करच्या बाहुल्या पण स्टेजवर जाऊन हाच घ्यायचा, आणि ज्यांनी रात्रंदिवस राबून कार्टून केलं ते दोघं खाली बसून टाळ्या वाजवायचे. हे लक्षात ठेवा, शेवटी काय होतं ते बघताना मला कायम हेच आठवतं.

गोष्ट काय? गोष्ट अशी काही नाहीच. टॉम पियानो वाजवायला बसतो, लिस्ट या एकोणिसाव्या शतकातल्या हंगेरियन पियानोवादकाची रचना, हंगेरियन ऱ्हॅप्सडी नंबर दोन. पियानोच्या आतल्या हातोड्यांवर जेरी झोपलेला असतो, टॉमने पट्टी दाबली की हातोडी वर उडते, हातोडी उडाली की जेरी उडतो. झोपमोड झाली. मग पुढचे सगळे उद्योग. पण यातली खरी मेख काय आहे, टॉमला जागेवरून उठता येत नाही. कार्यक्रम चालू आहे, हॉल भरलाय, अंगावर कोट आहे, इज्जतीचा प्रश्न आहे. एरवी टॉमला उंदीर दिसला की तो हातातलं सगळं टाकून मागे पळतो, भांडी फुटली तरी चालतील, भिंतीला भोक पडलं तरी चालेल. इथे नाही. इथे टॉम कामावर आहे. त्याला जेरीला मारायचंय पण वाजवता वाजवता, आणि जेरीला हे पक्कं माहितीये की हा आता काही करू शकत नाही. ज्याने कधी ऑफिसमध्ये क्लायंटसमोर हसऱ्या चेहऱ्याने प्रेझेंटेशन देताना टेबलाखाली वाजणारा घरचा फोन सहन केलाय त्याला टॉमचा चेहरा बरोब्बर कळेल.

माझी भाची सात वर्षांची आहे, तिला दाखवलं तर तिने पहिला प्रश्न हाच विचारला, मामा तो उठून त्याला पकडत का नाही? म्हटलं लोक बसलेत ना समोर. तर म्हणे मग काय झालं. आता यावर काय बोलणार, अजून शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर उभी राहिली नाहीये ती. पण प्रश्न बरोबर आहे, अख्खं कार्टून त्या एका प्रश्नावर उभं आहे. हॅना-बार्बेरांनी स्वतःचेच हातपाय बांधून घेतलेत, घर काढून टाकलं, पळापळ काढून टाकली, तोंडाने एक शब्द बोलायचा नाही, गाणं थांबवायचं नाही. एवढं सगळं काढून घेतल्यावर जे उरतं त्यातून मजा काढायची, आणि ती जी काढलीय ना, अहाहा.

आता थोडं जवळून बघू कारण असली कार्टून वरवर बघून कळत नाहीत.

सुरुवात बघा. टॉम येतो, बसतो, आणि वाजवायच्या आधीची ती सगळी नाटकं, तो आव, डोळे अर्धे मिटलेले, भुवया वर, हनुवटी वर. लगेच सूर लागत नाही. वेळ घेतो. कार्टूनमध्ये वेळ म्हणजे पैसा, एका सेकंदाला चोवीस फ्रेम, सात मिनिटं म्हणजे दहा हजारांवर फ्रेम, सगळं हाताने काढलेलं आणि सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, रंगवलेलं, आणि तरी हे लोक सुरुवातीचा एवढा भाग नुसता टॉमच्या तोऱ्यावर घालवतात. का, तर आधी उंचीवर नेऊन ठेवल्याशिवाय पडायची मजा येत नाही. टॉम इथे खरंच मोठा कलाकार आहे, वाजवतो पण उत्तम, हे महत्त्वाचं आहे. बेसूर बोका असता तर जोक पहिल्या मिनिटात संपला असता.

मग जेरी जागा होतो, वर येतो, टॉम वाजवतोय हे बघतो आणि पियानोवर बसून त्याला कंडक्ट करायला लागतो, हात हवेत फिरवत, टॉमचीच नक्कल. टॉम काय करतो, वाजवता वाजवता एक टिचकी. बस. जेरी उडाला, टॉमचा चेहरा हललेला नाही, बोटं परत जागेवर. ही टिचकी म्हणजे पूर्ण कार्टूनचा नमुना आहे, राग आहे पण तालात आहे. पुढे एक ट्रिल येते, म्हणजे दोन पट्ट्या आलटून पालटून भराभर वाजवणं, तर जेरी त्या पट्टीच्याच खालून डोकं वर काढतो आणि टॉम डोळे मिटून जे वाजवतोय ते पियानो आहे की उंदराचं टाळकं हे त्याला कळत नाही. मग जेरी पट्ट्यांच्या खालून इकडून तिकडे पळतो आणि पट्ट्या लाटेसारख्या वर-खाली होतात, टॉम बोटांनी त्याच्या मागे. म्हणजे पाठलाग आहेच बघा! नेहमीचाच मांजर-उंदराचा पाठलाग, फक्त घरभर व्हायच्या ऐवजी कीबोर्डवर होतो आणि प्रत्येक पाऊल म्हणजे लिस्टचा एक सूर. हे ज्याला सुचलं त्याला दंडवत.

नंतर टॉम बोटं उचलतो तरी पियानो वाजतच राहतो. आत डोकावून बघतो तर जेरी आतून हातोड्या हलवतोय. टॉम सूर लावायच्या पान्याने त्याला हाणतो. जेरी वचपा काढतो, कीबोर्डचं झाकण धाडकन टॉमच्या बोटांवर. इथे कुठेही म्युझिक जोकसाठी थांबत नाही, जोक म्युझिकच्या फटीत बसवलेत. आणि मग येतो माझा सगळ्यात आवडता तुकडा, कात्रीवाला. पियानोच्या उजव्या टोकाला एकदम वरच्या सुरांच्या पट्ट्या असतात, जेरी तिथे कात्री घेऊन उभा, टॉमचं बोट तिथपर्यंत आलं की खच्चकन. पण टॉम दर वेळी सूर लावून बोट मागे घेतो, कात्री हवेत. परत सूर, परत कात्री, परत हवेत. टॉमला पत्ताच नाही की काय चाललंय. जेरी शेवटी वैतागतो, कात्री टाकतो आणि तिथल्या पट्ट्या काढून त्यांच्या जागी उंदराचा चाप ठेवतो, उंदराने बोक्यासाठी उंदराचा चाप, यातच अर्धं हसू आहे. आणि तरी लगेच बोट अडकत नाही! टॉम चापाच्या अलीकडे वाजवतो, पलीकडे वाजवतो, परत अलीकडे, आपण खुर्चीच्या टोकावर, आणि मग फटाक. हा जो उशीर लावलाय ना ते टायमिंग आहे, आजकालच्या कॉमेडीत जोक आला रे आला की तोंडावर फेकतात, इथे बोट कधी अडकणार यासाठी तुम्हाला तंगवत ठेवतात.

बोटांचा विषय निघाला म्हणून सांगतो. पियानो येणाऱ्या कोणाबरोबर हे बघा. बहुतेक कार्टूनमध्ये वाजवणं म्हणजे हात इकडे तिकडे नाचवले की झालं, आवाज कुठला आणि हात कुठे याचा संबंध नाही (आपल्या हिंदी पिक्चरमध्ये तर हिरो गिटारची एकच तार धरून अख्खं अंतरा-मुखडं उरकतो). इथे टॉमचे हात बऱ्याच ठिकाणी खरोखर त्या सुराच्या पट्टीवर पडतात. आधी पियानो रेकॉर्ड केला आणि मग त्या रेकॉर्डिंगवर चित्रं बसवली, सूर कितव्या फ्रेमला पडतो ते मोजून. केनेथ म्यूज, एड बार्ज, आयर्व्हन स्पेन्स हे तिघं ॲनिमेटर, या माणसांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत पण हात त्यांचे आहेत. आणि यातली गंमत अशी की टॉमला एका हाताला चारच बोटं, अंगठा धरून. म्हणजे लिस्टने दोन्ही हातांची दहा बोटं कमी पडावीत असं लिहून ठेवलंय आणि हा गडी आठ बोटांत उरकतो. मध्ये एकदा तर पायाने पण वाजवतो, हात जेरीला पकडण्यात गुंतलेले असतात म्हणून.

चीनचा लांग लांग, आज जगातल्या मोठ्या पियानोवादकांपैकी एक, त्याने स्वतः बऱ्याचदा सांगितलंय की दोन वर्षांचा असताना टीव्हीवर टॉमला हेच वाजवताना बघून त्याला पियानोचं वेड लागलं. दोन वर्षांचं पोर लिस्ट कशाला ऐकेल, बोका बघत होतं. झालं काम.

म्युझिकचं बोलायचं तर ही रचना निवडण्यातच अर्धी लढाई जिंकलीय. फ्रान्झ लिस्टने अशा एकोणीस हंगेरियन ऱ्हॅप्सड्या केल्या, त्यातली ही दुसरी सगळ्यात फेमस, १८४७ ची, म्हणजे कार्टून थेटरात लागलं तेव्हा बरोब्बर शंभर वर्षं झाली होती तिला. दोन भाग आहेत, पहिला संथ, भारदस्त, जरा दुःखी, आणि दुसरा नाचरा आणि सुसाट. आपल्याकडे विलंबित संपवून द्रुत चालू झाली की मैफिलीतले पेंगलेले लोक सावरून बसतात आणि तबलजीच्या अंगात येतं, तसंच. पहिल्या भागात टॉमचा रुबाब, दुसऱ्या भागात टॉमची वाट. गोष्ट वेगळी लिहायलाच नको, लिस्टने लिहूनच ठेवलीय. शिवाय लिस्ट स्वतःच केवढा नाटकी माणूस, स्टेजवर आला की लोक वेडे व्हायचे, १८४० च्या दशकात त्याच्या कार्यक्रमांना जी झुंबड उडायची ती वाचली तर आजच्या रॉकस्टारांना लाज वाटेल. म्हणजे टॉमचा तो तोरा हवेतून आलेला नाही. आणि या रचनेच्या शेवटाकडे लिस्टने वाजवणाऱ्यासाठी मुद्दाम मोकळी जागा ठेवलीय, इथे तुझ्या मनाचं काय ते वाजव म्हणून, मोठमोठ्या वादकांनी तिथे स्वतःचे तुकडे घातलेत. असल्या रचनेत उंदीर घुसला तर लिस्टने फार मनावर घेतलं नसतं असं मला वाटतं.

ब्रॅडली हा माणूस पण कमी नव्हता. टॉम-जेरीत डायलॉग नसतात त्यामुळे अख्खं बोलणं म्युझिकने करायचं असतं, आणि याने आधी एका टॉम-जेरीत, १९४४ च्या 'पुटिन ऑन द डॉग'मध्ये, शोएनबर्ग या संगीतकाराची बारा सुरांची पद्धत (सप्तकातले बाराही सूर सारख्याच मानाने वापरायची) वापरून ठेवली होती, जी ऐकायला भले भले कानात बोटं घालतात. पोरांना हसवायच्या कार्टूनमध्ये!

एक बारकावा बऱ्याच जणांच्या डोक्यावरून जातो. मध्येच जेरी हातोड्यांवर नाचायला लागतो आणि लिस्ट बंद होऊन भलतंच एक उडतं गाणं चालू होतं, टॉम पण दोन घटका त्याच गाण्यात रमतो आणि मग भानावर येतो, अरे हे काय वाजवतोय मी. ते गाणं म्हणजे 'ऑन द ॲचिसन, टोपेका अँड द सांता फे', रेल्वेचं गाणं, एमजीएमच्याच 'द हार्वी गर्ल्स' पिक्चरमधलं, हॅरी वॉरन आणि जॉनी मर्सरचं. तेव्हाच्या अमेरिकेत घराघरात वाजत होतं. म्हणजे कंपनीने आपल्याच पिक्चरची जाहिरात पण उरकून घेतली. आणि ज्या ऑस्करला, मार्च १९४७ मध्ये, या कार्टूनला बक्षीस मिळालं त्याच रात्री बेस्ट गाण्याचं ऑस्कर पण याच गाण्याला मिळालं. आपल्याला आज ते गाणं माहीत नाही म्हणून जोक निम्माच पोचतो, पण तेव्हा थेटरात काय हशा पिकला असेल विचार करा, म्हणजे शास्त्रीय मैफिल चालू असताना कलाकाराच्या बोटांतून अचानक 'झिंगाट' बाहेर पडावं.

ऑस्करवरून आठवलं, या कार्टूनच्या मागे एक मोठं भांडण पण आहे. त्याच सुमाराला वॉर्नर ब्रदर्सने 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' नावाचं कार्टून केलं, फ्रिझ फ्रेलेंगचं, त्यात बग्ज बनी हा ससा पियानो वाजवतो, तीच लिस्टची रचना, आणि त्याला त्रास द्यायला पियानोत कोण, तर उंदीर. नोव्हेंबर १९४६ ला ते थेटरात आलं, आपलं टॉमचं ऑस्करवाल्यांना आधीच दाखवून झालं होतं, पण सगळीकडे लागलं एप्रिल १९४७ ला. दोन्ही कंपन्या म्हणाल्या तू माझं ढापलंस. टेक्निकलरच्या लॅबमध्ये रिळांची अदलाबदल झाली आणि एकाचं दुसऱ्याने बघितलं अशी पण एक कहाणी सांगतात, खरं काय ते शेवटपर्यंत कोणी सिद्ध केलं नाही. वॉर्नरच्या पियानोला नॉमिनेशनपण मिळालं नाही, त्यांचं दुसरंच एक कोंबड्याचं कार्टून यादीत होतं. आणि कळस म्हणजे त्याच वर्षी वॉल्टर लँट्झच्या कार्टून स्टुडिओवाल्यांचं, शोपँ या संगीतकाराच्या रचनांवर केलेलं पियानोचंच तिसरं कार्टून यादीत होतं. म्हणजे त्या वर्षी हॉलिवूडमध्ये ज्याला त्याला जनावरं पियानोवर बसवायची हुक्की आली होती.

दोन्ही लागोपाठ बघा, मजा येईल. जोक काही काही अगदी सख्ख्या भावासारखे आहेत, चोरीचा आरोप का झाला ते लगेच कळतं. पण माझ्या मते फरक मोठा आहे. बग्ज बनीला काही पडलेलीच नसते. प्रेक्षकात एक जण खोकतो तर हा पिस्तूल काढून गोळी घालतो आणि परत वाजवायला बसतो. मध्येच फोन येतो तर उचलून फ्रान्झ लिस्ट कोण, माहीत नाही, राँग नंबर असं सांगून ठेवून देतो. हसू येतंच, बग्ज बग्ज आहे. पण त्याला मैफिलीची भीती नाही, त्यामुळे आपल्याला पण काळजी वाटत नाही. टॉमला भीती आहे. टॉमला ती रचना शेवटपर्यंत नीट वाजवायचीय, मनापासून. म्हणून चापात बोट अडकलं की आपण हसतो आणि आई गं पण म्हणतो. वॉर्नरवाले जास्त चावट आहेत हे मान्य, पण मला टॉमच जवळचा.

आता थोडी कुरकुर, नाहीतर म्हणाल पैसे घेऊन लिहिलंय. शेवटाकडे टॉम जेरीला पकडून आपल्या स्टुलात कोंबतो, जेरी आतून निसटून स्टुलाची फिरकी फिरवतो, टॉम वर वर जातो आणि मग धपकन खाली. हा तुकडा मला कधीच फार आवडला नाही. का सांगतो, तोपर्यंतचा एक-एक जोक पियानोतून, पट्टीतून, हातोडीतून निघालेला असतो, आणि स्टूल म्हणजे कुठल्याही कार्टूनमध्ये खपला असता असा जोक. न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर पण झाला असता. तेवढीच एक ढिली जागा. बाकी बघताना घड्याळ आठवत नाही.

कारण त्यानंतर लगेच जो शेवट येतो तो सगळं भरून काढतो. टॉम चिडून जेरीला हातोड्यांमध्ये घालतो आणि पट्ट्या अशा बडवतो की आत जेरीची चटणी होतेय, दहा बाजूंनी मार. जेरी कळवळतो आणि मग डोकं फिरतं त्याचं, दोन हातोड्या उखडून घेतो आणि तारांवर स्वतःच वाजवायला लागतो, आता पियानो त्याच्या हातात. टॉमला बाहेर बसून वाजवल्याचं सोंग करावं लागतं. संपलं असं वाटतं, टॉम सुटकेचा श्वास टाकतो, की आतून परत चालू. परत धावत बोटं पट्ट्यांवर. परत संपलं. परत चालू. टॉमचा तो इस्त्रीचा कोट, तो कॉलर, तो तोरा, सगळ्याच्या चिंध्या. शेवटचा सूर लागतो तेव्हा टॉम आडवा. टाळ्यांचा कडकडाट, आणि स्पॉटलाइट जातो जेरीवर. जेरी वाकून नमस्कार करतो.

आणि मी क्विंबीबद्दल मघाशी जे म्हटलं ते इथे लावून बघा. आता मुद्दाम केलं असेल असं माझं म्हणणं नाही हां, पण राबणारा एक आणि टाळ्या घेणारा दुसरा हे त्या स्टुडिओत काम करणाऱ्यांना फार शिकवावं लागलं नसणार. बाय द वे मी लहानपणी कट्टर जेरीवाला होतो, आता पक्ष बदललाय. नोकरीला लागलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी टॉमच्या पक्षात येतोच.

बघायचं कसं ते सांगतो. नेटवर तुकडे पडलेले असतात सगळीकडे पण बरेचसे फिके, कडा कापलेले, आणि काही ठिकाणी आवाजाचा स्पीड इकडे-तिकडे केलेला, ज्याने या कार्टूनचा तर जीवच जातो. वॉर्नरने २०११ मध्ये 'गोल्डन कलेक्शन'चा पहिला भाग ब्लू-रेवर काढला, सुरुवातीचे ३७ शॉर्ट आहेत, १९४० ते १९४८ मधले, त्यात हे आहे आणि प्रिंट झकास आहे, पियानोचं काळं लाकूड खरंच चमकतं. कोणाकडे मिळाला तर उसना मागा, लाजू नका. त्या काळच्या काही टॉम-जेरीत कृष्णवर्णीयांची जी चेष्टा केलीय ती आज बघवत नाही आणि पोरांना दाखवताना आपण गडबडतो, कॅट कॉन्चर्टोत तसलं काहीच नाही, आजी-आजोबांपासून बालवाडीपर्यंत बिनधास्त लावा.

दोनदा बघा. पहिल्यांदा आपलं नेहमीसारखं हसत, दुसऱ्यांदा जेरीकडे अजिबात लक्ष न देता फक्त टॉमचे हात. हेडफोन असतील तर उत्तम, मोबाइलच्या स्पीकरवर पियानोचे खालचे सूर ऐकूच येत नाहीत आणि सुरुवातीचा सगळा दरारा त्या खालच्या सुरांतच आहे.

पाचपैकी पावणेपाच. पाव स्टुलाचा कापला.

आणि मध्यंतरी एका च्यानलवर टॉम-जेरीवर हिंदी कॉमेंट्री टाकून दाखवायचे, बोका काय म्हणतोय आणि उंदीर काय म्हणतोय ते फिल्मी आवाजात, अखंड बडबड, एक सेकंद गप्प नाही. बाकी कार्टूनला एक वेळ चाललं. पण लिस्ट चालू असताना वरून कोणीतरी "अरे ओ चूहे के बच्चे" ओरडतंय याला माफी नाही, तसलं कुठे लागलं तर म्यूट पण करू नका, सरळ बंद करा आणि ओरिजनल शोधा.